हेलिकॉप्टर एकालाच येतं

24 एप्रिल 2018. फिलाडेल्फियाचा रॅपर मीक मिल पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरच्या तुरुंगातून सुटला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला होता. न्यायला हेलिकॉप्टर आलं. त्याच संध्याकाळी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सच्या बास्केटबॉल सामन्यात त्याने मानाची घंटा वाजवली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

तुरुंगातले बाकीचे तिथेच राहिले.

सात महिन्यांनी, 30 नोव्हेंबरला, 'चॅम्पियनशिप्स' हा त्याचा अल्बम आला. पहिल्याच आठवड्यात 2 लाख 29 हजार प्रतींच्या बरोबरीचा खप, बिलबोर्डच्या यादीत थेट पहिला नंबर. माध्यमांना आयती गोष्ट मिळाली: कोठडीतून शिखरावर! प्रतिभेचा विजय! न्यायाचा विजय!

प्रतिभेचा असेल. न्यायाचा कसा?

आधी गुन्हा काय होता ते पाहू. जानेवारी 2007 मध्ये मीक पकडला गेला तेव्हा तो 19 वर्षांचा होता. आरोप बंदुकीचा आणि अमली पदार्थांचा. पोलिसावर बंदूक रोखली, असंही पोलिसांचं म्हणणं. बंदूक जवळ होती हे मीकने मान्य केलं, रोखल्याचं साफ नाकारलं. 2008 मध्ये ज्यूरीविना चाललेल्या खटल्यात तो दोषी ठरला. काही महिने आत काढले आणि बाहेर आला तो वर्षानुवर्षांचं प्रोबेशन गळ्यात घेऊन.

प्रोबेशन म्हणजे काय? तुरुंगाबाहेर राहा, पण विचारल्याशिवाय शहर सोडू नका. लघवीची तपासणी द्या. पत्ता बदलला तर कळवा. तारीख चुकवू नका. कुठे खुट्ट झालं तरी न्यायाधीशांपुढे उभे राहा. आणि न्यायाधीशांना वाटलं तर पुन्हा आत.

सुंभ जळतो, पीळ राहतो.

2013 मध्ये कोर्टाने त्याला शिष्टाचाराच्या वर्गात जायला सांगितलं. समाजमाध्यमांवर नीट वागत नाही म्हणून! खटला बंदुकीचा, शिकवणी सभ्यतेची. 2014 मध्ये प्रोबेशनच्या अटी मोडल्या म्हणून पुन्हा काही महिने तुरुंग. 2016 मध्ये नजरकैद. दरवेळी प्रोबेशनची मुदत आणखी लांबली.

आणि 2017 मध्ये तर कळस झाला. सेंट लुइसच्या विमानतळावर झटापट झाली, ती तक्रार टिकली नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याने मोटरसायकल एका चाकावर चालवली आणि त्याचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरला. त्या प्रकरणात समाजसेवेवर तडजोड ठरली होती. म्हणजे ज्या दोन शहरांत हे घडलं, त्या दोन्ही शहरांना त्याला तुरुंगात टाकावंसं वाटलं नाही.

फिलाडेल्फियाला वाटलं.

प्रवासाचे नियम मोडले, एका तपासणीत दोष निघाला, हेही खात्यात जमा झालं. सरकारी वकील म्हणाले, तुरुंग नको. प्रोबेशन अधिकारी म्हणाला, तुरुंग नको. 6 नोव्हेंबर 2017 रोजी न्यायाधीशांनी सुनावली दोन ते चार वर्षं! एकोणिसाव्या वर्षीची अटक, तिसाव्या वर्षी त्याच खटल्याची नवी शिक्षा. मधल्या काळात बराक ओबामा दोन वेळा राष्ट्राध्यक्ष होऊन घरी गेले. या माणसाची फाइल काही बंद झाली नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे पायरी उतरायलाच कुणी देत नव्हतं.

मग गडबड सुरू झाली. कोर्टाबाहेर मोर्चा निघाला. रॅपर जे-झीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला आणि प्रोबेशन हा कृष्णवर्णीयांसाठी लावलेला सापळा आहे, हे देशाला समजावलं. फेब्रुवारी 2018 मध्ये फिलाडेल्फियाचा ईगल्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ सुपर बोलच्या अंतिम सामन्यात उतरला तो मीकच्याच गाण्यावर, आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सना 41-33 असं हरवून जिंकला. गाण्याचा मालक तेव्हा गजाआड होता.

पुढे त्याच हरलेल्या पेट्रियट्सचे मालक रॉबर्ट क्राफ्ट त्याला भेटायला तुरुंगात गेले. सेव्हन्टीसिक्सर्सचे भागीदार मायकेल रूबिन तर कितीतरी वेळा गेले. अब्जाधीश रांग लावून गजाआडच्या रॅपरला भेटत होते. चांगलंच झालं. पण शेजारच्या कोठडीतल्या पोराला भेटायला कोण आलं?

दरम्यान मूळ खटल्याची वीण उसवली. ज्या एका पोलिसाच्या साक्षीवर सारी शिक्षा उभी होती, त्याच पोलिसाचं नाव सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्या यादीत निघालं. यादी कसली? ज्यांच्या शब्दावर विसंबता येत नाही, अशा पोलिसांची! ही यादी सरकारच्याच कपाटात होती. एप्रिल 2018 मध्ये सरकारी वकीलच म्हणू लागले, ही शिक्षा रद्द व्हायला हवी.

जुलै 2019 मध्ये अपिलाच्या कोर्टाने ती रद्द केली आणि नव्या न्यायाधीशांपुढे नवा खटला चालवा म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये मीकने बंदूक बाळगल्याचा किरकोळ गुन्हा कबूल केला, वाढीव शिक्षा शून्य, बाकीचे आरोप मागे. अटकेनंतर साडेबारा वर्षांनी. जानेवारी 2023 मध्ये गव्हर्नरांनी माफीही देऊन टाकली.

म्हणजे पहिल्या दिवशी तो जे कबूल करत होता, त्याच्यावरच सगळं येऊन थांबलं.

आता अल्बमकडे या.

'चॅम्पियनशिप्स'मध्ये 19 गाणी आहेत. 'ट्रॉमा'मध्ये तो कोर्ट, रंग आणि गरिबी यांच्याबद्दल थेट बोलतो. 'वॉट्स फ्री'मध्ये जे-झी आणि रिक रॉस यांना सोबत घेऊन मोकळं असणं म्हणजे काय, हे तो विचारतो. ही गाणी ताकदीची आहेत, कारण ती त्याची कमाई आहे. ऐकीव दुःख गाणारे पुष्कळ असतात. याच्याकडे स्वतःचं होतं.

पण त्याच अल्बममध्ये त्यांच्याच शेजारी महागड्या गाड्या, दागिने आणि फुशारकीही बसली आहे. सर्वात वर चढलं ते 'गोइंग बॅड', ड्रेकसोबतचं गाणं. बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड या गाण्यांच्या यादीत सहावा नंबर. त्यात कोर्टाची तक्रार नाही, श्रीमंतीचा तोरा आहे. तीन वर्षांपूर्वी हेच दोघे एकमेकांची जाहीर उणीदुणी काढत होते. भांडण मिटलं, गाणं खपलं.

दोष मीकचा? दोष ऐकणाऱ्यांचाही आहे. स्वातंत्र्याचं गाणं कौतुकाला ठेवलं, तोऱ्याचं गाणं गाडीत लावलं.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. 'चॅम्पियनशिप्स' हे मीकचं पहिलं पुनरागमन नव्हतंच. 2014 च्या डिसेंबरात तो असाच सुटला होता, 2015 च्या जूनअखेरीस त्याचा अल्बम आला होता आणि तोही पहिल्या नंबरावर गेला होता. तेव्हाही टाळ्या वाजल्या होत्या. मग अडीच वर्षांत पुन्हा तुरुंग.

पहिला नंबर तुरुंगाचं दार बंद ठेवू शकत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रेकॉर्ड कंपन्यांना मात्र दार उघडं असो की बंद, धंदा जमतो. 2010 मध्ये रॅपर लिल वेन बंदुकीच्या गुन्ह्यासाठी न्यूयॉर्कच्या रायकर्स तुरुंगात होता आणि त्याचा अल्बम बाहेर पहिल्या नंबरावर होता. दुसरा रॅपर गुची मेन मे 2016 च्या अखेरीला सुटला, जुलैत अल्बम दुकानात. दोन महिनेही गेले नाहीत. माणूस श्वास घेतो न घेतो तोच त्याची कैद विक्रीला निघते.

या साऱ्याचा पाठ रॅपर टुपॅक शकूरने घालून दिला. की त्याच्याकडून घालून घेतला? 1995 मध्ये तो तुरुंगात होता. अपिलाच्या काळातल्या जामिनासाठी 14 लाख डॉलर हवे होते. डेथ रो या रेकॉर्ड कंपनीच्या शुग नाइटने सोय केली आणि बदल्यात तीन अल्बमच्या करारावर सही घेतली. ऑक्टोबरमध्ये सुटका, फेब्रुवारी 1996 मध्ये 'ऑल आइझ ऑन मी', सप्टेंबरमध्ये गोळीबारात मृत्यू. सुटकेपासून मरणापर्यंत अकरा महिने.

जामीन देणाऱ्याने माणूस सोडवला नाही, विकत घेतला.

आणि टुपॅक आत कशासाठी होता? लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं होतं. तक्रार एका तरुणीची होती. टुपॅकच्या पुनरागमनाची गोष्ट तीस वर्षं सांगितली जाते आहे. जामिनाची रक्कम सांगतात, स्टुडिओत किती रात्री जागला ते सांगतात, किती प्रती खपल्या ते सांगतात. त्या तरुणीचं काय झालं, हे किती जण सांगतात?

इथेच चाळणी लावायला हवी. 'कायदेशीर अडचणी' या दोन शब्दांच्या पोत्यात सगळं भरलं जातं. एका चाकावर चालवलेली बाइकही त्यात आणि बाईच्या अंगावर टाकलेला हातही त्यातच. बाहेर येताना दोघांनाही सारखाच हार?

सिक्सनाइन नावाच्या रॅपरने 2015 मध्ये, एका अल्पवयीन मुलीचा लैंगिक कृत्यात वापर केल्याचा गुन्हा कबूल केला. पुढे टोळीच्या गुन्ह्यांत अडकला, सोबत्यांविरुद्ध साक्ष दिली, दोन वर्षांची शिक्षा झाली आणि 2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे लवकर घरी आला. सप्टेंबरात अल्बम हजर. त्यानंतरची चर्चा कशावर? साथीदारांची नावं घेतली म्हणून तो गद्दार की नाही, यावर!

मुलीबद्दल चर्चा नाही. गद्दारीबद्दल महिनोन् महिने.

मीकच्या प्रकरणात प्रश्न वेगळा आहे. 2017 मध्ये त्याला आत टाकलं तेव्हा त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं, याचं उत्तर कुणाला देता आलं नाही. म्हणून त्याची बाजू घ्यायची. तो मोठा कलाकार आहे म्हणून नव्हे. कलाकार म्हणून सूट द्यायची तर मग उद्या सिक्सनाइनलाही द्यावी लागेल.

आता आकडे बघा. 'चॅम्पियनशिप्स' आला त्या वर्षी अमेरिकेत सुमारे 44 लाख माणसं प्रोबेशन किंवा पॅरोलवर होती. दर 58 प्रौढांमागे एक. 2019 च्या एका देशव्यापी पाहणीत असं दिसलं की राज्यांच्या तुरुंगात नव्याने येणाऱ्यांपैकी 45 टक्के लोक प्रोबेशन किंवा पॅरोल मोडल्यामुळे येतात. त्यातले कितीतरी नवा गुन्हा न करताच. तारीख चुकली, फी भरली नाही, वेळेत घरी पोहोचला नाही.

कामाची पाळी संपायला उशीर झाला, बस चुकली, भेटीची वेळ टळली. झाला नियमभंग! या माणसाला जे-झी लेख लिहून देणार आहे का? त्याच्या गाण्यावर कुठला संघ मैदानात उतरणार आहे?

तुरुंगाला पर्याय म्हणून आणलेली सोय तुरुंगाचीच मागची खिडकी झाली. आणि खिडकीतून आत ओढलेल्यांची बातमी होत नाही.

मीकला याचं श्रेय द्यावंच लागेल की त्याला हे कळलं. सुटकेनंतर तो फक्त स्टुडिओत गेला नाही. जानेवारी 2019 मध्ये जे-झी, रूबिन, क्राफ्ट आणि इतरांसोबत त्याने 'रिफॉर्म अलायन्स' ही संस्था उभी केली. सुरुवातीलाच 5 कोटी डॉलरची तयारी. उद्दिष्ट असं की पाच वर्षांत दहा लाख माणसांना या चक्रातून बाहेर काढायचं.

दहा लाख हा घोषणेचा आकडा होता. घोषणेचे आकडे गोल असतातच. पण काम झालं. अनेक राज्यांत कायदे बदलले. डिसेंबर 2023 मध्ये खुद्द पेनसिल्व्हेनियाने प्रोबेशनचा कायदा सुधारला. ठरावीक काळानंतर प्रोबेशन पुढे चालवायचं की संपवायचं, याचा आढावा घेणं बंधनकारक झालं आणि किरकोळ चुकीसाठी तुरुंगात धाडण्यावर मर्यादा आल्या. गव्हर्नर सही करत होते तेव्हा मीक तिथे हजर होता.

सुटलेल्या किती कलाकारांनी सुटकेनंतर कायद्याचा मसुदा हातात धरला? बहुतेकांनी माइक धरला.

आणि तरीही यंत्रणेची खोड मोडली, असं कुणी समजू नये. जॉर्जिया राज्यात 2022 मध्ये यंग थग या रॅपरला टोळीच्या कायद्याखाली पकडलं. ज्यूरी निवडायलाच जवळपास दहा महिने लागले. राज्याच्या इतिहासातला सर्वात लांबलेला फौजदारी खटला ठरला. अडीच वर्षं तो बिनजामिनाचा आत. आणि पुराव्यात काय? त्याच्या गाण्यांच्या ओळी!

कादंबरीत खून लिहिणाऱ्या लेखकाला पोलीस बोलावत नाहीत. सिनेमात बँक लुटणाऱ्या नटाकडे कुणी पैशांचा हिशेब मागत नाही. रॅपरच्या ओळी मात्र कबुलीजबाब? कॅलिफोर्नियाने 2022 मध्येच कायदा करून अशा पुराव्याला वेसण घातली. जॉर्जियात न्यायाधीशांनी ओळी मान्य केल्या.

शेवटी ऑक्टोबर 2024 मध्ये यंग थगने गुन्हा कबूल केला. भोगलेली कैद हीच शिक्षा, वर 15 वर्षांचं प्रोबेशन आणि अटलांटा परिसरातून 10 वर्षं तडीपारी. घरच्यांच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला यायची परवानगी, आणि वर्षातून चार वेळा येऊन टोळ्यांविरुद्ध भाषण द्यायची सक्ती. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचाही पुनरागमनाचा अल्बम आला. पुन्हा तेच कौतुक, तेच मथळे.

15 वर्षांचं प्रोबेशन म्हणजे 2039. मीकची गोष्ट आठवत असेल तर या अल्बमवर नाचताना पाय अडखळायला हवेत.

आपल्याकडेही हे लोण पोहोचलं आहे. एप्रिल 2023 मध्ये खोक्यांच्या राजकारणावर रॅप केलं म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला. 'भोंगळी केली जनता' म्हणणाऱ्या मुंबईच्या उमेश खाडेवरही झाला. कुणावर बंदूक रोखली होती का यांनी? कुणाला मारलं होतं? ओळी म्हटल्या होत्या. ज्यांना टोचल्या त्यांनी पोलीस ठाणं गाठलं.

टीका झोंबली तर उत्तर द्यावं. पोलिसांना कवितेचं रसग्रहण करायला लावू नये.

आणि सुटकेच्या गोष्टी ऐकायच्याच तर आपल्या तुरुंगांकडेही बघावं लागेल. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातले सुमारे 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. कितीतरी जणांना जामीन मिळालेला असतो, पण जातमुचलक्याचे पैसे नसतात, हमीदार नसतो. यांना ना अल्बम काढायचाय, ना पहिला नंबर हवाय. घरी जायचंय.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने यांच्यासाठी वाट ठेवली आहे. ज्या गुन्ह्यांना फाशी किंवा जन्मठेप नाही, अशा गुन्ह्यात पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर. कायदा चांगला आहे. अर्ज वेळेवर होतो का, हे विचारणारे किती?

तर निकाल असा. 'चॅम्पियनशिप्स' चांगला अल्बम आहे. तो लांब आहे, अर्धा फुशारकीत वाया गेला आहे, पण उरलेला अर्धा खरा आहे. मीक मिलचं मोठेपण मात्र त्या 19 गाण्यांत मावत नाही. ते पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याच्या पुस्तकात आहे, कारण त्या पानाचा फायदा ज्यांना होणार आहे त्यातल्या बहुतेकांना रॅप करता येत नाही.

यापुढे कुणाही गायकाच्या, नटाच्या, खेळाडूच्या दणदणीत पुनरागमनाची बातमी आली की दोन प्रश्न विचारा. त्याने कुणाला दुखावलं होतं आणि त्या माणसाचं आज काय चाललंय? आणि ज्या अन्यायातून तो सुटला म्हणतो, त्यात मागे राहिलेल्यांसाठी त्याने काय केलं? दोन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल टाळ्या वाजवा. नाही मिळाली तर गाणं ऐका, आवडलं तर पुन्हा ऐका, पण त्याला न्याय म्हणू नका.